दोन दारांमधले नऊ मीटर

कामतघर, भिवंडी
१२ नोव्हेंबर २०२४

चि. निवेदिता,

तुझे पत्र पोचले. पत्र लिहायची सवय तुला मीच लावली, तेव्हा अक्षराबद्दल बोलायला मला तोंड नाही, तरी बोलते. तुझा 'र' अजून तिसरीतच आहे.

'संलयन वीजघराच्या आवरण-इमारतींच्या आराखड्यांचे मूल्यमापन करणारी समिती' हे नाव मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवले. मराठीच्या बाई म्हणाल्या, "सुचेताताई, हे नाव आहे की दहावीचा प्रश्न?" तुझ्या बाबांनी मात्र गल्लीभर सांगितले आहे की पोरगी सूर्य कोंडायची पेटी तयार करते. माझा भाऊ लहानपणापासून असाच.

मी वर्गात सत्तावीस वर्षे एक दाखला देत आले. मातीच्या घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच, मध्ये काय तो घट. घट फुटला की आतले बाहेरच्यात मिसळते आणि कुणाचेही काहीही बिघडत नाही. तुमच्या घटाचे तसे नसावे. नाहीतर पाच माणसे दोन वर्षे चहा पीत बसली नसती. तर फ्यूज गेला की शेजाऱ्यांना हाक मारणाऱ्या बाईला कळेल असे लिही: तुमचा घट फुटला तर काय होते, आणि तुम्ही नक्की काय तपासता?

इकडे सगळे ठीक. समोरच्या मागांच्या कारखान्यातून उडणारे सुताचे तूस नेहमीप्रमाणे माझ्या साड्यांवर आणि घशात, म्हणून थोडा खोकला. फिकट साड्या आता सगळ्या एकाच पोताच्या दिसतात.

तुझी
आत्या

•

१ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

फ्यूजवाल्या बाईसाठी लिहितेय. आमच्या यंत्रात दोन हलके अणू एकमेकांत मिसळवून उष्णता काढतात. काही बिघडलं की आग आपोआप विझते, वितळून जायची भीती नाही. म्हणून लोक विचारतात, मग इमारत कशाला, पत्र्याची शेड टाका.

शेड चालत नाही. आत ट्रिटियम असतो. हायड्रोजनचाच भाऊ, पण किरणोत्सारी, आणि बारीकशा फटीतूनही निसटणारा. यंत्राच्या पोटात भिंतींवरून झडलेली धूळ असते. उकळत्या पाण्याचा नळ आत फुटला तर वाफेचा दाब चढतो. हे सगळं इमारतीनं आत धरून ठेवायचं. त्यासाठी आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा जरासा कमी ठेवतात. मग फट असली तरी बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. इमारत सतत आत श्वास घेत असते म्हण ना.

तीन आराखडे आहेत. 'क' म्हणजे दीड मीटर जाड काँक्रीटचा किल्ला. 'ग' म्हणजे जवळजवळ गोदाम, भिवंडीत शोभेल. 'ख' हुशार आहे. भिंती पातळ, वाफ थंड करायला शेजारी मोठी टाकी, आणि यंत्राचे भाग ने-आण करायला दोन दारांची वाट. एक दार पूर्ण मिटल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. आमच्या तक्त्यात एक रकाना आहे: 'दोन्ही दारं एकदम उघडी असण्याचा काळ, वर्षाला तास.' 'ख'पुढे तिथं शून्य आहे. त्या शून्यामुळे 'ख' पहिली येते.

२८ फेब्रुवारीला सह्या. त्यानंतर माझा करार तीन वर्षांनी वाढेल, असं आल्हाद सर म्हणालेत. ते समितीचे अध्यक्ष. खरंच आनंदी माणूस आहे, रागावतानासुद्धा हसतात.

तुझी
निवू

ता. क. 'र' बघ. सुधारलाय.

•

कामतघर
२३ डिसेंबर २०२४

चि. निवू,

'र' सुधारलेला नाही, आडवा झाला आहे.

दोन दारांचे वाचून मला हसू आले. समोरच्या चोवीस मागांच्या कारखान्याचे मालक हरेशशेठ यांनी दिवाळीआधी अगदी हेच केले. तूस आणि खडखडाट बाहेर येतो म्हणून आम्ही चाळीतल्या बायकांनी वर्षभर त्यांचे डोके खाल्ले होते. शेवटी त्यांनी दाराबाहेर एक बोळ बांधला, त्याला पुढेही दार लावले, दोन्हींना स्प्रिंगा. वर लाल-हिरवा दिवा. एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, असा फलक हिंदी-मराठीत. दोन दिवस माझी गॅलरी अशी स्वच्छ की मी पांढरी साडी नेसून शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी विचारले, कुणाच्या दहाव्याला गेला होतात का?

तिसऱ्या दिवशी दोन्ही दारे सताड उघडी, आणि दोन्हींखाली एकेक कांडी खुपसलेली. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची लाकडी नळी, वीतभर लांब. पाचरीसारखी छान बसते. आमची मेघाली तिथे कांड्या भरते. दिघाशीहून रोज येते, आणि आल्या आल्या माझ्याकडे पाणी पिते. तिला विचारले, तर म्हणाली, "बाई, बीम कसा न्यायचा? बीम साडेसहा फुटी हाय, बोल पाच फुटी. पुढचं टोक आतल्या दारात गेलं तरी मागचं बाहेरच्या दारात हाय. दोनी दारं उघडल्याबिगर बीम आत जातच न्हाय."

बीम म्हणजे उभ्या धाग्याचा तो मोठा रूळ. शेठने दारे मोजली, स्प्रिंगा मोजल्या, दिवे आणले. वाटेतून काय जायचे आहे ते मोजायचे राहिले. तुमच्याकडे असे होत नसणार. तुम्ही पाचजण आहात.

नव्या वर्षाचे आशीर्वाद.

आत्या

•

४ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं. जेवण तसंच राहिलं.

मला नीट लिही. बीम दिवसातून किती वेळा आत-बाहेर होतो? प्रत्येक वेळी दारं किती मिनिटं उघडी राहतात? बीम आला की उघडतात आणि गेला की लावतात, की उघडीच ठेवतात? शेठ काय म्हणाला? बोळ पाच फुटीच का ठेवला?

घाई आहे.

निवू

•

कामतघर
१३ जानेवारी २०२५

चि. निवू,

तुला माझ्या खोकल्याची एवढी काळजी वाटावी हे वाचून भरून आले. खोकला किरकोळ आहे, गुळण्या करते. पण मोजायला सांगितलेस म्हणून मोजले. शाळेला संक्रांतीची सुट्टी जोडून मिळाली आहे आणि तीळ भाजायचा मला कंटाळा.

दिवसाला जवळजवळ तीन बीम. रिकामे बाहेर, भरलेले आत, म्हणजे पाच-सहा खेपा. एक खेप चार मिनिटांची. एवढेच असते तर वीस-पंचवीस मिनिटांत भागले असते. पण दार एकदा उघडले की कुणी लावत नाही. "आता परत बीम येलच," असे मेघालीच म्हणते, आणि खोटे नाही. शिवाय दारे उघडली की आत वारा येतो. म्हणजे सकाळच्या शिफ्टमध्ये साडेसहा तास उघडी. मेघालीने भरलेल्या कांड्यांवर मोजले, मी घड्याळावर. दोघींचे उत्तर सारखे आले.

बोळ पाच फुटीच का, हे मी शेठना विचारले. ते म्हणाले, "अहो बाई, आराखडा केला तेव्हा अरुंद माग होते ना. बीम साडेचारच फुटी होता. मग मी रुंद माग घेतले." म्हणजे बोळ चुकला नव्हता. बीम नंतर वाढला आणि बोळाला कुणी कळवलेच नाही. वर म्हणाले, "दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

आता तू सांग, खोकल्यासाठी एवढे आकडे डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत. काय झाले आहे?

आत्या

•

२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

खोकल्याची काळजी आहेच. पण तू ओळखलंस.

आमच्या यंत्राच्या पोटात आतून अस्तर असतं. त्याचे उंच पाटे असतात, काही वर्षांनी झिजले की काढून नवे बसवायचे. मी 'ख'चं गणित केलं तेव्हा पाटा आठ मीटरचा होता आणि दोन दारांमधली वाट नऊ मीटरची. छान मावत होता. दीड वर्षापूर्वी यंत्र करणाऱ्या गटानं जोड कमी करायला पाटे लांब केले. साडेबारा मीटर. इमारतवाल्यांच्या नकाशात वाट नऊचीच राहिली. दोन्ही नकाशे एकाच कपाटात आहेत, वरच्या आणि खालच्या खणात.

ऐंशी पाटे. एकेक बाहेर, एकेक आत. एकशेसाठ वेळा दोन्ही दारं उघडणार, आणि तेही यंत्राचं पोट उघडं असताना, म्हणजे धूळ आणि ट्रिटियम सगळ्यांत जास्त मोकळे असताना. इमारतीचा श्वास तेव्हाच तुटणार.

त्या रकान्यातलं शून्य मी लिहिलंय, आत्या. शेजारी माझ्या नावाची आद्याक्षरं आहेत. डिसेंबरच्या पत्रात मी ते गाळलं होतं.

आल्हाद सरांना दाखवलं. हसले. म्हणाले, "निवेदिता, हे वीजघर उभं राहीपर्यंत मी नसेन आणि तू निवृत्त झालेली असशील. तपशिलाचा नकाशा करणारे बघतील. आता सही कर, मागाहून टीप जोडू." मी म्हटलं, टीप आत्ताच जोडू. तर म्हणाले, "मग गुण बदलतील, 'ख' तिसरी जाईल, सगळं पहिल्यापासून. आणि शून्य तुझंच आहे, हेही लिहावं लागेल. करार वाढवायच्या महिन्यात?"

बाकीचे तिघे सही करणार आहेत. सर वाईट नाहीत, आत्या. मला इथं त्यांनीच आणलं. मी सही करून टाकू का? बाबांना सांगू नकोस. सूर्याची पेटी गळकी आहे, हे त्यांना आवडणार नाही.

निवू

•

कामतघर
१० फेब्रुवारी २०२५

चि. निवू,

तुला सल्ला हवा आहे. तो मी देणार नाही, कारण द्यायला माझे तोंड स्वच्छ नाही. तू एक गोष्ट गाळलीस तशी मीही गाळली होती.

बोळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हरेशशेठ पेढे घेऊन आले. म्हणाले, बाई, एक कागद द्या, तक्रार राहिली नाही असा. मी पांढऱ्या साडीत होते, खुशीत होते. शुद्ध मराठीत, एकही वेलांटी न चुकवता लिहून दिले: 'उपाययोजना पूर्णतः परिणामकारक असून आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही.' खाली सही, हुद्दा, शाळेचे नाव. मागांवर आधीचेच बीम चढलेले होते, अजून एकही नवा बीम बोळातून आत गेला नव्हता. शेठने तो कागद फ्रेम करून बोळात दिव्याखाली लावला आहे. कुणीही कुरकुर केली की बोट दाखवतात. मेघाली गेले दोन महिने खोकते आहे. तिने एकदा तोंड उघडले तर तिला तोच कागद दाखवला. "बाईंनी लिवलंय, मी काय बोलू," असे ती म्हणाली, आणि माझ्याच घरी पाणी पिऊन गेली. मला माझ्या खोकल्याची टिंगल करता आली. तिच्या खोकल्याबद्दल मी तुला एक ओळ लिहिली नाही.

आपल्या घराण्याला सहीचा फार मान. आजोबा म्हणत, सही करताना पेन चांगले घ्यावे. कधी करावी, हे सांगायचे राहून गेले असावे.

तेव्हा मी काही सांगत नाही. हे पत्र पेटीत टाकून मी समोर जाणार आहे, माझा कागद परत मागायला. शेठ देणार नाहीत. मग त्याच फ्रेमखाली दुसरा लावीन: 'वरील मजकूर मी बीम न मोजता लिहिला.' सही, हुद्दा, शाळेचे नाव. चाळीत हसतील, हसू देत. मुलांच्या चुकांखाली लाल रेघ ओढत मी सत्तावीस वर्षे पगार घेतला. एक रेघ स्वतःखाली ओढायला हात दुखणार नाही.

तुझे तुझ्यापाशी. आल्हाद सर भले आहेत यात शंका नाही. हरेशशेठही भलेच आहेत. पेढे चांगले होते.

आत्या

•

९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

सही केली नाही.

२८ तारखेला मी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. तुझ्या पत्राच्या पाकिटाचा पुठ्ठा कापून केलेला बोळ, नऊ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना दोऱ्याची दारं. आणि साडेबारा सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी. म्हटलं, पट्टी आत घाला, पण एका वेळी एकच दार उघडं ठेवायचं. चौघंही मोठमोठ्या पदव्यांचे. दहा मिनिटं खटपट चालली. एकांनी तिरकी घालून पाहिली. एकांनी हळूच दुमडली.

मी म्हटलं, "सर, ती दुमडत नाही."

मग तक्ता उघडला आणि वाचला: "शून्य. एन. एस. ही माझी आद्याक्षरं. लिहिलं तेव्हा बरोबर होतं, आज चूक आहे. नंतर तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही."

आल्हाद सर प्रथमच हसले नाहीत. म्हणाले, "तू चारजणांचं दोन वर्षांचं काम एका पुठ्ठ्यावर मोडलंस." मी म्हटलं, "मोडलं नाही सर. साडेतीन मीटर कमी पडतंय एवढंच. वाट लांब करा, गुण परत द्या, मी आनंदानं सही करीन. 'ख' माझीच आवडती आहे." ते म्हणाले, "आणि तोवर?" मी म्हटलं, "तोवर तिथं शून्य लिहिलेल्या कागदावर माझी सही होणार नाही. करार वाढवा नाहीतर वाढवू नका."

अहवाल चार सह्यांनी वर गेला. माझं भिन्नमत नियमाप्रमाणे मागे जोडावं लागलं, चार पानं, पुठ्ठ्याच्या फोटोसकट. दुसऱ्या दिवशी मला समितीतून काढलं आणि माझी बदली जुन्या नकाशांच्या खोलीत झाली. करार तीन वर्षांऐवजी तीन महिने. खोलीला खिडकी नाही. पण वरचा आणि खालचा, दोन्ही खण आता माझ्या ताब्यात आहेत. रोज एक नकाशा काढून दुसऱ्याशेजारी ठेवते. आणखी दोन ठिकाणी जमत नाही, असं दिसतंय. तेही लिहून पाठवणार आहे.

बाबांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "सूर्याचं राहू दे, जेवतेस ना?"

तुझ्या कागदाचं काय झालं?

निवू

•

कामतघर
१४ मार्च २०२५

चि. निवू,

तुझे पत्र मेघालीला वाचून दाखवले. 'ती दुमडत नाही' इथे तिने टाळी दिली. तिचे म्हणणे, त्या मोठ्या साहेबांना एक दिवस बीम उचलायला पाठव, चटकन समजेल.

शेठनी कागद दिला नाही. मी दुसरा लावला, त्यांनी संध्याकाळी काढला. मी सकाळी परत लावला. पाच दिवस असे चालले. माझे अक्षर इतके दिवस इतक्या नियमाने कुणीच फाडले नव्हते. सहाव्या दिवशी कागदाखाली मेघालीने स्वतःचे नाव लिहिले, मग कांड्या भरणाऱ्या गुणाबाईंनी अंगठा उमटवला, मग आणखी सात जणींनी. शेठ म्हणाले, "काय बाई, आता बीम कापून आणू का?" मेघाली म्हणाली, "बीम नका कापू शेठ. बोल पुढं न्या. तुमची गाडी उभी ऱ्हाते तिथवर."

गाडीचे नाव निघताच शेठ तापले. दुसऱ्या दिवशी बायकांनी दारांखालच्या पाचरी काढून घेतल्या आणि माझ्याकडे आणून ठेवल्या. तेव्हापासून प्रत्येक बीमला दोन माणसे दार हाताने धरून उभी राहतात आणि शेठ त्यांच्याकडे बघत बसतात. माझ्या पहिल्या कागदाची फ्रेम अजून भिंतीवर आहे. गाडी अजून तिथेच आहे. परवा मात्र शेठ एकटेच टेप घेऊन गाडीपासून दारापर्यंत मोजताना दिसले. मी गॅलरीतून पाहिले, त्यांनीही पाहिले.

सोबत त्या पाचरींतली एक कांडी पाठवते. मेघालीने पुसून दिली आहे. खिडकी नसलेल्या खोलीत टेबलावर काहीतरी हवे.

आत्या

•

३ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

कांडी पोचली. टेबलावर ठेवली आहे.

काल आल्हाद सर खाली आले. पहिल्यांदाच. वरून दोन ओळींचं पत्र आलंय: भिन्नमत देणाऱ्या सदस्यानं वाटेची आवश्यक लांबी कळवावी. सही करावी, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही आणि मी अजून केलेली नाही. माझं नाव समितीवर परत घेतलंय, असंही लिहिलेलं नाही. सर उभेच राहिले. मी खुर्ची दिली नाही, दुसरी खुर्चीच नाही इथं. आकडा सांगितला: दारांपाशी मोकळी जागा धरून चौदा मीटर, आणि पाटा पुन्हा वाढला तर आधी मला विचारायचं.

त्यांनी आकडा लिहून घेतला. मग टेबलाकडे बघून म्हणाले, "हे काय?"

मी म्हटलं, "हे माझं शून्य, सर. भिवंडीत दाराखाली सापडलं."

त्यांनी ती उचलली, फिरवून बघितली. टोकाला दाराच्या घासण्यानं पडलेली खाच आहे ना, तिच्यावरून अंगठा फिरवला. वाटलं, खिशात घालतात की काय. परत टेबलावर ठेवली, नीट, नकाशाच्या कडेला, आणि जाताना खोलीचं दार आपण होऊन लावून गेले.

तुझी
निवू